संकटं वाढवली म्हणून कॅरेक्टर बदलत नाही

प्रश्न काय होता ते आधी दोन ओळीत सांगते. पहिलीच कादंबरी आहे, लालबागच्या चाळीतलं घर, वडील गिरणीत साचेवाले, म्हणजे कापड विणायच्या मागावर काम करणारे, १९८२चा संप सुरू होतो आणि थोरली मुलगी सुमन, वय १९, कॉलेज सोडून फोर्टमधल्या एका ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागते आणि घर ओढते. ज्यांना ज्यांना वाचायला दिलंत ते सगळे म्हणाले की पहिल्या भागातली सुमन आणि दुसऱ्या भागातली सुमन या दोन वेगळ्याच मुली वाटतात, बदल पटत नाही. आणि तुम्ही विचारलंय की अजून एखाद-दोन संकटं घालू का, म्हणजे तरी पटेल.

नका घालू. तुमची पानं मी दोनदा वाचली. वडिलांचं काम बंद, धाकट्याला टायफॉईड, आजी जाते, आईच्या पाटल्या गहाण पडतात, हे सगळं चाळीस पानांत होऊन जातं आणि तरी सुमन बदलताना दिसत नाही, कारण प्रत्येक संकटाला तुम्ही तिला रडवता आणि पुढचं प्रकरण उघडलं की ती आधीपेक्षा खंबीर होऊन उभी असते. मधलं काहीच नाही. मी २२ वर्षं लिहितेय, त्यातली नऊ वर्षं डेली सिरियलचे संवाद आणि नंतर बराचसा वेळ दुसऱ्यांचे ड्राफ्ट वाचण्यात गेला, आणि आता माझं पक्कं मत झालंय की संकट आलं की माणूस लगेच बदलत बिदलत नाही, उलट आधी होता तसाच राहायची त्याची आटोकाट धडपड चालते. बदल मागाहून येतो, रोज उठून करावं लागणाऱ्या एखाद्या साध्या कामातून येतो आणि ज्याच्यात होतोय त्याला तो सगळ्यात शेवटी कळतो.

तुम्ही जो काळ निवडलाय ना, तोच हे शिकवतो. संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार, नेते डॉ. दत्ता सामंत, मान्यताप्राप्त युनियन मात्र राष्ट्रीय मिल मजदूर संघ आणि १९४६च्या औद्योगिक संबंध कायद्यामुळे वाटाघाटींचा हक्क त्यांच्याकडे, हे सगळं तुम्ही नीट अभ्यास करून लिहिलंय, त्यात मला काही म्हणायचं नाही. पण या संपाची एक गोष्ट तुमच्या हातातून सुटलीय. तो अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. म्हणजे त्या घरांना शेवटची तारीख अशी कधी मिळालीच नाही. पूर, आग, अपघात याला एक दिवस असतो, त्यानंतर माणूस म्हणतो की झालं ते झालं, आता पुढचं बघू. इथे ते नव्हतं. या महिन्यात मिटेल, पावसाळ्याआधी मिटेल, गणपतीला तर मिटेलच, दिवाळीला बोनस घेऊनच परत जाऊ, असं करत करत लोक जगले. आणि तुमची सुमन? ती फेब्रुवारीतच वडिलांना सांगते की बाबा, आता घराची जबाबदारी माझी. कोणती १९ वर्षांची मुलगी संप सुरू होऊन महिना झाला नाही तर असं बोलेल? तिला तेव्हा माहीतच नाही ना की हे कायमचं आहे, ते आपल्याला माहितीये कारण आपण चाळीस वर्षांनी बसून लिहितोय.

ती काय म्हणेल, तर ‘संप मिटेपर्यंत’. हे दोन शब्द पकडा, कादंबरीचा अख्खा मधला भाग तुम्हाला यावर उभा करता येईल. नोकरी धरली, संप मिटेपर्यंत. मैत्रिणीला सांगितलं की माझ्यासाठी नोट्स काढून ठेव, संप मिटला की येतेच. वाण्याची उधारी, संप मिटेपर्यंत. लग्नाचं स्थळ आलं तर आई म्हणते थांबा, संप मिटू दे. मग एक दिवस असा यावा की चाळीतलं दुसरं कुणी हे शब्द बोलतंय आणि सुमन काही बोलत नाही, नुसती पिशवी उचलते. आणि त्यानंतर कधीतरी धाकट्याच्या शाळेच्या फीबद्दल बोलताना ती सरळ म्हणते, पुढच्या वर्षीचं बघते मी. त्या वाक्यात संप नाहीये. तिच्या लक्षात आलेलं नाही, तुम्हीही लेखक म्हणून तिथे थांबून काही सांगायचं नाही, वाचणाऱ्याला ते बरोब्बर टोचतं.

आता एक चूक सांगते, ती दुरुस्त करा, कारण ती नुसती माहितीची चूक नाही. तुमच्याकडे संप सुरू झाल्यावर आई घरात खानावळ सुरू करते आणि ती चालते. जेवायला कोण येणार? गिरणगावातल्या खानावळी चालायच्या त्या कोकणातून, घाटावरून एकट्याने आलेल्या गिरणी कामगारांवर, महिन्याचे पैसे पगाराला मिळायचे. संपात त्यातले कितीतरी जण गावाला निघून गेले आणि जे राहिले त्यांच्या खिशात काय होतं. म्हणजे आधीपासून ज्या बायका खानावळ चालवत होत्या त्यांचेच हाल झाले. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये याच बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते सावकाराच्या कर्जातून त्यांना सोडवायला, एवढं ते काम काठावरचं होतं. मग उलट करा ना. आईची खानावळ आधीपासून आहे असं दाखवा, सहा जण जेवायला, आणि संपाच्या दुसऱ्या तिसऱ्या महिन्यात ते एकेक करत गावाला जातात. शेवटचा एक जण राहतो, त्याच्याकडे पैसे नाहीत, त्याला ताट वाढायचं की नाही हे आई ठरवू शकत नाही आणि सुमनकडे बघते. हा सीन तुमच्या आत्ताच्या कुठल्याही रडण्यापेक्षा मोठा आहे. कारण आजवर असं कधी झालेलं नाही की आईने स्वयंपाकातला निर्णय सुमनला विचारलाय. सुमन काय करते ते तुम्ही ठरवा, माझ्या मते ती वाढते आणि मग रात्रभर तिला त्याचा राग येतो.

यावरूनच दुसरी गोष्ट येते आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. जबाबदारी ही वरून टपकत नाही, ती आधी दुसऱ्या कुणाच्यातरी हातात असते. सुमन घर चालवायला लागली म्हणजे वडिलांच्या हातातून घर गेलं. तुमच्या ड्राफ्टमध्ये वडील संप झाल्यावर जवळजवळ गायबच होतात, मधून मधून खोकतात फक्त. तसं नका करू, सुमनचा बदल दिसण्याचा खरा आरसा तेच आहेत. गिरणी कामगाराचं घर कुणाच्या घड्याळावर चालायचं? त्याच्या पाळीवर. बाबांची रात्रपाळी असली की दिवसा पोरांनी आवाज करायचा नाही, रेडिओ लावायचा नाही, १० बाय १२च्या खोलीत एकच कॉट आणि ती त्यांची. भोंगा झाला की डबा तयार पाहिजे. आता भोंगा बंद. सकाळी ८च्या लोकलला कोण जातंय, तर सुमन, म्हणून मोरीत पहिला नंबर तिचा. हे कुणी ठरवलेलं नाही, झालं आपोआप. रात्री ती दमून येते, उद्या परत लवकर उठायचंय आणि एका रात्री आई न बोलता तिचं अंथरूण कॉटवर घालते. वडील गॅलरीत उभे आहेत. ते आत येतात, बघतात आणि खाली सतरंजी घालून झोपतात. एवढंच लिहा, डायलॉग नको. त्या रात्री सुमनला झोप लागते का? मला तर वाटतं गाढ लागते, कारण ती दमलेली आहे, आणि सकाळी उठल्यावर तिला कळतं की आपण कुठे झोपलो होतो.

मी सुरुवातीला सिरियलमध्ये हेच चुकवत होते. नवऱ्याचा धंदा बुडतो, बायको उभी राहते, असा ट्रॅक होता आणि मी दोन एपिसोडमध्ये तिला उभी केली, भाषण दिलं, पदर खोचला, सगळं. तिचं काम करणाऱ्या बाईंनी सेटवर मला विचारलं की ताई, हिला आता नवरा घाबरतो का हो? मला उत्तरच देता येईना, कारण मी नवऱ्याचा विचारच केला नव्हता. त्या प्रश्नानंतर मी कधीही एकट्या माणसाचा बदल लिहिलेला नाही. एक जण सरकला की घरातले सगळे थोडे थोडे सरकतात, तेच लिहायचं असतं.

तिसरं, स्वभाव. पहिल्या भागातली तुमची सुमन मला फार आवडली. खोटं बोलण्यात पटाईत आहे ती, लेक्चर आहे सांगून भारतमाताला मॅटिनी बघून येते, आईने तिकिटाचा तुकडा पकडला तर म्हणते रस्त्यात सापडला, आणि इतक्या सहज की आईलाही हसू येतं. आणि दुसऱ्या भागात हीच मुलगी एकदम हरिश्चंद्राची नात होते! खोटं बोलणं कुठे गेलं तिचं? वाचणाऱ्यांना दोन वेगळ्या मुली वाटतात त्याचं अर्धं कारण हेच आहे. लोकांना वाटतं की जबाबदारी आली की दुर्गुण गळून पडतात. असं होत नाही हो. असलेला स्वभाव नव्या कामाला जुंपला जातो. ती आता पण खोटं बोलेल, पण वाण्याशी बोलेल की पगार दहा तारखेला होतो (होतो एकला), साहेबांना सांगेल की आईला बरं नाही आणि त्या दिवशी रेशनच्या लाईनीत उभी राहील, घरात पगार थोडा कमीच सांगेल आणि उरलेले पैसे बाजूला ठेवेल. तीच सहजता, तेच तोंड, पण आता त्यात मॅटिनीची मजा नाहीये. आणि एकदा आईला हे कमी सांगितलेलं कळतं तेव्हा आईला हसू येत नाही. बघा, नवीन काहीच आणलं नाही, पहिल्या भागातलीच वस्तू परत वापरली आणि बदल दिसला की नाही?

वाण्याचा सीन तुमच्याकडे एकदाच आहे, तो तीनदा करा. मी नेहमी सांगते की एकच जागा, एकच काम आणि माणूस तीनदा तिथे पाठवायचा, बदल मोजायला यासारखं माप नाही. पहिल्यांदा, समजा मार्चमध्ये, सुमन उधारीची वही घेऊन जाते, गिऱ्हाईकं निघून जाईपर्यंत कोपऱ्यात उभी राहते, आईने लिहून दिलेली चिठ्ठी पुढे करते आणि वाणी विचारतो, काय गं, संपाचं काय म्हणतायत बाबा, तर ती खाली बघते. तो वहीत काय लिहितो ते ती बघतही नाही. दुसऱ्यांदा जूनमध्ये चिठ्ठी नाहीये, तिच्या डोक्यात यादी आहे, वाणी लिहितो ते ती उलट्या बाजूने वाचते आणि म्हणते, गूळ पावशेर घेतला होता, अर्धा नाही. आवाज अजून बारीक आहे. तिसऱ्यांदा गणपतीच्या आसपास. भरल्या दुकानात ती पुढे जाते, आधी जुन्यातले थोडे पैसे काउंटरवर ठेवते आणि ते वाण्याने मोजेपर्यंत काही मागत नाही. मोजून झाले की मग तेल मागते, घरून आणलेल्या बाटलीत, आणि तेलाची धार थांबली तरी माप पालथंच ठेवायला लावते, शेवटचे थेंब पडेपर्यंत. तिच्या मागे एक मुलगी वही छातीशी धरून कोपऱ्यात उभी आहे. ती मुलगी सुमनला दिसली पाहिजे असं काही नाही. दिसली तर सुमनने हसू नये, ओळख दाखवू नये, घाई असते तिला.

आता थोडं माझं. माझे वडील गेले तेव्हा मी २१ची होते. लोक म्हणायचे की मोठी झालीस गं एकदम, आणि मला तेव्हा राग यायचा कारण मला आतून काहीच मोठं वाटत नव्हतं, मी तशीच होते, रात्री उशिरापर्यंत वाचत बसणारी आणि सकाळी न उठणारी. लाईट बिल भरायला पहिल्यांदा गेले तर शेवटची तारीख उलटून गेली होती, दंड बसला, घरी येऊन आईवरच ओरडले की तू आठवण का नाही केलीस. पुढच्या महिन्यात पण उशीरच. तिसऱ्या चौथ्या महिन्यात कधीतरी बिल आल्या आल्या घड्याळाच्या खिळ्याला टोचून ठेवायला लागले, वडील तसंच करायचे. मला ते आठवतही नव्हतं. वर्षभराने आत्या राहायला आली होती, मी रात्री उठून मोरीतला दिवा बंद केला आणि पुटपुटले काहीतरी, तर ती अंधारातून म्हणाली, अगदी दादा बोलल्यासारखं वाटलं. तेव्हा मला पहिल्यांदा समजलं. आणि ते समजणं काही छान बिन नव्हतं, मी बराच वेळ जागी होते.

हे सांगितलं कारण तुमची सुमन पहिल्याच महिन्यात सगळं बरोबर करते. तिला चुका करू द्या. आणि चुकांची किंमत दुसऱ्याला मोजू द्या, म्हणजे तिचा पास काढायच्या नादात धाकट्याची परीक्षा फी राहून जाते वगैरे. नवीन जबाबदारी घेतलेला माणूस बहुतेक वेळा वाईटच काम करतो सुरुवातीला, चिडतो, आणि कुणावरतरी काढतो.

तुम्ही उदाहरणं विचारली होती. मराठीत दोन मी कायम हाताशी ठेवते. एक व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’, १९५५ची. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीत एक कोवळा मास्तर येतो, शाळेत पोरं नाहीत, गाव त्याला जोखत बसलेलं. तो काही मी गावाची जबाबदारी घेतो असं म्हणत नाही, गावच हळूहळू एकेक काम त्याच्याकडे आणून टाकतं, हा प्रश्न सोडव, ते भांडण मिटव, आणि असं करत करत तो तालमीची इमारत उभी करण्यापर्यंत जातो. आणि मग दुष्काळ पडतो आणि वाडीच उठून जाते. मास्तरने इतकं केलं त्याचं बक्षीस त्याला मिळत नाही. तरी जो आला होता तो मास्तर आणि जो जातो तो मास्तर एक नाहीत, आणि लेखकाने हे एकदाही घोषणा करून सांगितलेलं नाही. वाचली असेल तरी परत वाचा, या एकाच नजरेने, की कुठलं काम कुणी आणि कसं आणून टाकलं.

दुसरी उद्धव शेळक्यांची ‘धग’, १९६०ची, वऱ्हाडातलं शिंप्याचं घर. यातली कौतिक पहिल्यापासूनच जिद्दीची आहे, खंबीर व्हायला तिला संकटाची गरजच नव्हती. कष्ट तिला घडवत नाहीत, तिच्याकडे होतं नव्हतं ते सगळं खर्च करून टाकतात. ही मी मुद्दाम सांगतेय, कारण आपल्याकडे असं धरूनच चालतात की हालअपेष्टांतून माणूस उजळून निघतो. काही निघतात, काही विझतात, आणि पुष्कळसे तर थोडे उजळतात नि थोडे करपतात. तुमची सुमन तिसऱ्या जातीतली आहे असं मला वाटतं. ती करपलेली बाजू तुम्ही लिहीतच नाही. तिला पैशाचा हिशोब करायची सवय लागलीय तर मग ती माणसांचा पण हिशोब करणार. मैत्रीण नोट्स घेऊन आली तर सुमनला आधी दिसणार की हिला चहा द्यायचा म्हणजे दूध जाणार. आणि अजून एक, जे लिहायला सगळे घाबरतात, तिला हे आवडायला पण लागलं असेल. सगळ्यांनी आपल्याकडे बघायचं, आपण आल्याशिवाय जेवायला बसायचं नाही, हे आवडतं माणसाला. १९ वर्षांच्या मुलीला तर पहिल्यांदाच मिळतंय ते. उद्या खरंच संप मिटला असता आणि बाबांचा पगार सुरू झाला असता तर तिला निव्वळ आनंदच झाला असता का? हा प्रश्न तुम्ही तिला विचारा, लिहिण्याआधी, एकट्याने बसून.

पानांचं म्हणाल तर भीती बाळगू नका. तुम्हाला वाटतंय की मधला भाग वाढला तर कंटाळवाणा होईल म्हणून तुम्ही ‘सहा महिन्यांनंतर’ अशी उडी मारलीत. सिरियलवाले याला लीप म्हणतात, आम्ही सर्रास मारायचो, आणि मी अनुभवाने सांगते की लीपमध्ये नेमकं तेच हरवतं जे बघायला प्रेक्षक थांबलेला असतो. आजीचं जाणं काढून टाका, टायफॉईड पण काढा, पाटल्या राहू द्या पण गहाण टाकायला सुमनला एकटीला पाठवा. जी जागा मोकळी होईल तिथे वाणी, कॉट, खानावळीतला तो शेवटचा माणूस हे सगळं मावतं.

आणि वडिलांनी सुमनकडे पैसे मागायचा तुमचा सीन, ज्यात दोघं रडतात, तो मात्र पूर्ण नव्याने लिहा. माणूस साच्यावर तीस वर्षं उभा राहिलाय, तो मुलीकडे हात पसरणार नाही इतक्या लवकर, आणि ती पण मागायची वेळ येऊ देणार नाही. ती दर सोमवारी ऑफिसला निघताना फळीवर रेडिओच्या खाली थोडी चिल्लर ठेवते, तंबाखूपुरती. ती ठेवताना कुणी बघत नाही, ते उचलताना कुणी बघत नाही, रात्री त्याबद्दल कुणी बोलत नाही. असे सात-आठ सोमवार जातात. मग एका सोमवारी तिला उशीर झालाय, लोकल चुकणारे, आणि ती विसरते. करी रोडच्या जिन्यावर तिला आठवतं. परत फिरावं तर हजेरी जाईल. ती फिरत नाही, गाडी पकडते. तिकडे खोलीत वडील उठतात, आई नळावर गेलीय, ते फळीपाशी जातात आणि रेडिओ उचलून बघतात.

तिथून पुढे लिहा. ते झालं की पाठवा मला, बाकीच्या प्रकरणांचं नंतर बोलू.